गटारापलीकडची सायकल

दाराला बेल असताना कुणी बोटांच्या पेरांनी ठकठक केलं, तेव्हाच आशालताच्या मनात आलं की हे माणूस आपल्या बिल्डिंगमधलं नव्हे.

सकाळ नेहमीसारखीच चालली होती. एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोळीचा तवा. ऋतिकाची एक वेणी घालून झालेली, दुसरी हातात. तिचा नवरा हर्षवर्धन डब्याचं झाकण उघडून भाजी कोणती आहे ते बघत होता आणि आशालताचं त्याच्याकडे लक्ष नाही असं समजून पुन्हा बंद करत होता. ठकठक दुसऱ्यांदा झाली. वेणी तशीच सोडून तिने दार उघडलं.

दारात रोझलीन उभी होती. अर्नाळ्याची मासेवाली. इतक्या वर्षांत ती कधी जिना चढून आली नव्हती. सोसायटीच्या गेटपाशी सायकल लावायची आणि खालूनच एक हाळी द्यायची, ती चौथ्या मजल्यावर बंद खिडकीतूनही ऐकू यायची. आज तिच्या लुगड्याचा काष्टा एका बाजूने फाटला होता, गुडघा सोलवटला होता आणि कोपराला रस्त्याची खडी चिकटली होती.

"बाय, जरा पानी दे. प्यायला नको, धुवायला."

आशालताने तिला आत बोलावलं. ती उंबऱ्यातच बसली. तुझी फरशी वास मारेल, म्हणाली. जखम धुऊन, हळद चेपून झाल्यावर हकीगत कळली. आगाशी मागे टाकल्यावर नाल्यावरच्या मोरीचा छोटासा चढ लागतो. तिथे रोझलीन नेहमी उभी राहून पायडल मारते. आज तिने अंगाचा सगळा भार टाकला, पायडल फिरलं आणि चाक फिरलंच नाही. जिन्यावर शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. ती एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला आणि बोंबील मधल्या रस्त्यावर.

"परत?" आशालता म्हणाली.

"परत. आनी तो शेट म्हनतो, सायकलला काय नाय झालं, तुझं वजन वाढलं."

शांतारामशेटचं सायकलचं दुकान बोळिंज नाक्यावर होतं. आजूबाजूला दुसरं दुकान नव्हतं, त्यामुळे तो बोलेल ते शास्त्र. गेल्या महिनाभरात रोझलीनने तिथे पुन्हा पुन्हा सायकल टाकली. दर खेपेला 'पूर्ण खोलून साफ केली' असं सांगून ती परत मिळाली, चार दिवस नीट चालली आणि पुन्हा पायडल पोकळ फिरायला लागलं.

इतर वेळी रोझलीनने हे शिव्या घालून निभावून नेलं असतं. पण सध्या तिच्या पोटापाण्यावर आलं होतं. दिवाळीपासून एक एम-एटी मोपेडवाला गेटवर मासे घेऊन यायला लागला होता. मागे थर्माकोलचं खोकं, खोक्यात बर्फ आणि वर गोड बोलणं. गेटवर दोन-दोन मासेवाले म्हणजे दुप्पट घाण, असं कमिटीचं म्हणणं. सेक्रेटरींनी जाहीर केलं होतं की रविवारच्या मीटिंगमध्ये कुणातरी एकालाच परवानगी मिळेल, आणि ती जो वेळेवर येऊन वेळेवर जाईल त्याला. या महिन्यात रोझलीन किती वेळा वेळेवर आली होती, हे खाली सगळ्यांना माहीत होतं. आत्ताही खाली एम-एटीचा हॉर्न वाजत होता.

हे गेट तिला कुणी आयतं दिलं नव्हतं. आशालताने ती गोष्ट मासे निवडता निवडता तुकड्यातुकड्याने ऐकली होती. रोझलीनचा नवरा व्हॅलेरियन दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. जाळं ओढताना दोरात हात सापडला आणि उजव्या हाताची बोटं कायमची आखडली. मग रोझलीनने पाटी डोक्यावर घेतली. एस.टी.त पाटीवाल्यांना कंडक्टर सगळ्यांच्या शेवटी चढू द्यायचा, तोवर कोळंबीचा जीव आणि रंग दोन्ही जायचे. तेव्हा तिने भावाची जुनी, दांडीवाली सायकल मागून घेतली. ओहोटीला किनाऱ्यावरची ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते. तिथे ती शिकली. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका काम टाकून बघायला यायच्या. एकदा ती थेट त्या बोंबलांच्या बांबूंवरच जाऊन आदळली. फादरनीसुद्धा चर्चमधली मिसा संपल्यावर विचारलं, की या वयात पडलीस तर? ती म्हणाली, "पडले तर उठेन, फादर. बसले तर कोन उठवनार?" काष्ट्याचं लुगडं असल्यामुळे दांडीची तिला कधी अडचण झाली नाही. गोल साडीवाल्यांनी नुसतं बघत राहावं.

आणि ती खोटं विकायची नाही. शिळा मासा असेल तर आपणच सांगायची, "हे कालचं हाय, आंबट-तिखट कर, तळायला नको." म्हणून आशालताचा तिच्यावर जीव होता. आणि म्हणूनच तिचा सोललेला गुडघा बघून आशालताच्या तोंडून जे निघालं ते तिने तोलून पाहिलं नाही.

"मावशी, त्याने मागच्या चाकातलं फ्रीव्हील बदललं असेल. चांगलं काढून घेतलं असेल आणि कुणाचं तरी झिजलेलं बसवलं असेल. हे लोक करतात असं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सांगत होत्या."

रोझलीनने कपातला चहा अर्धा ठेवला.

"बदललं?"

"म्हणजे... असेल."

पण तो 'असेल' रोझलीनच्या कानापर्यंत पोचलाच नाही. ती उठली. "चल बाय माझ्याबरोबर. तो माझ्याशी बोलतच नाय, भिंतीशी बोलतो. तू नुसती उभी रहा. बोलू नको काय."

मासे सावलीत झाकून वॉचमनच्या ताब्यात दिले गेले. हर्षवर्धनने स्वतःचा डबा स्वतः भरला आणि ऋतिका एकाच वेणीने शाळेत गेली.

शांतारामशेटच्या दुकानात आशालता पूर्वीही गेली होती, ऋतिकाची गुलाबी सायकल घ्यायला. तेव्हा तिला दुकान चांगलं वाटलं होतं. आज रोझलीनच्या मागे चालत येताना तिला ते पहिल्यांदाच रस्त्याच्या बाजूने दिसलं. पत्र्याच्या सावलीत कॉलनीतल्या सायकली ओळीने लावलेल्या. एकीच्या सीटवर तर धूळ बसू नये म्हणून वर्तमानपत्र घातलेलं. मध्ये उघडं गटार. आणि गटाराच्या पलीकडे, ऐन उन्हात, तीन-चार काळ्या सायकली एकमेकींवर कलंडलेल्या. मागे लोखंडी कॅरियर, कॅरियरला टोपली बांधायच्या दोऱ्या. या मासेवाल्यांच्या, पाववाल्यांच्या आणि मिठागरात कामाला जाणाऱ्यांच्या. रोझलीनने ढकलत आणलेली सायकलही सवयीने त्यांच्यातच टेकवली.

"या वहिनी, बसा," शेटने खुर्ची पुसून पुढे केली. "ऋतिकाच्या सायकलची घंटी वाजते ना नीट? नसेल तर घेऊन या, हवा-बिवा पण बघून देऊ."

रोझलीन त्याच्या पुढ्यातच उभी होती. त्याने तिच्या खांद्यावरून आशालताकडे पाहिलं.

"शेट," रोझलीन म्हणाली, "माझं फिरीव्हील दे."

"काय?"

"माझ्या सायकलचं. काढून ठेवलंस ते. माझं मला दे, तुझं तू घे."

दुकानात हवा भरायला आलेली दोन माणसं पंप धरून थांबली. शेटच्या चेहऱ्यावरचं वहिनींसाठीचं हसू सावकाश उतरलं.

"मी चोरलं? तुझं फ्रीव्हील?" तो म्हणाला. "त्याचं काय करू मी, कालवण?"

"तुला कालवन जमलं असतं तर हाटेल काढलं असतंस. सायकल तरी कुठं जमते?"

पंपवाले हसले. आतल्या बाजूला रिम सरळ करत बसलेला कारागीर, रामू, हातातला पान्हा न ठेवता बाहेर आला. चाळिशीतला माणूस, तोंडात तंबाखू.

"मावशे, तोंड सांभाळून. तुझी सायकल हातात घेतली की दिवसभर हाताचा वास जात नाय. दुपारचं जेवण जात नाय मला."

"जेवन जात नाय? आनी परवा माझ्या पाटीतली मांदेली उचलून बघत होतास, ती काय दाताला लावायला?"

"ए, धंद्याची वेळ आहे," शेट ओरडला. "सायकल घे आणि जा. ही भंगार झालीय. भंगाराला मी देव आणून बसवू का?"

आशालताला राहवलं नाही. "हे बघा शांतारामशेट, गिऱ्हाइकाशी बोलायची ही पद्धत नाही. ग्राहक मंचाकडे..."

"बाय," रोझलीन मागे न बघता म्हणाली, "तुला काय सांगितलं?"

आशालता एक पाऊल मागे सरली. तिचे कान तापले.

शेटला मात्र ग्राहक मंच हा शब्द झोंबला. तो काउंटरमागून बाहेर आला, गटार ओलांडलं, रोझलीनची सायकल एका हाताने फरफटत आणून ती दुकानासमोर उताणी केली. मागच्या चाकाकडे बोट दाखवलं. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच बघा. हा लाल रंग कुणाचा?"

सायकलच्या मधल्या भागावर, चाकाच्या कण्यावर आणि फ्रीव्हीलच्या तोंडावरच्या चकतीवर लाल ऑइलपेंट होता. खारं वारं लागू नये म्हणून रोझलीनच्या भावाने होडी रंगवून उरलेला रंग सायकलला फासला होता. ओघळ सुकून तसेच राहिले होते.

"असा रंग बोळिंजमध्ये कुणी सायकलला लावेल का? हे हिचंच फ्रीव्हील. मग मी बदललं कसं? चोर म्हणते मला. तोंडावर चोर म्हणते. बापजन्मात कुणी म्हणालं नव्हतं."

जमलेल्यांनी माना हलवल्या. ते खरंच होतं. रोझलीनने वाकून रंग पाहिला. आपल्या भावाच्या हातचा रंग ती ओळखणार नाही, असं कसं होईल. आशालताला वाटलं, आता इथून निघावं. आपण एक वाक्य फेकलं आणि ही बाई त्या वाक्याच्या जोरावर भरचौकात उभी आहे.

पण रोझलीन सरळ झाली नाही. अजून वाकलेलीच होती. तिने त्या चकतीच्या कडेवरून नख फिरवलं. जिथे चकती संपते आणि फ्रीव्हीलची कड सुरू होते, त्या फटीवरून रंग सलग गेला होता. कुठे चिरलेला नव्हता, की टवका उडालेला नव्हता.

"शेट, हे झाकन उघडतात कसं?"

"छिन्नी लावून ठोकायचं, मग फिरतं."

"ठोकलं तर रंग फुटेल?"

शेटने वाकून झाकणाकडे पाहिलं.

"फुटेल का नाय?" रोझलीनने विचारलं. "तू म्हनालास, पूर्न खोलून साफ केलं. एकदा नाय, दर खेपेला म्हनालास. मंग हा रंग अख्खा कसा?"

पंपवाल्यांपैकी एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. शेट रामूकडे वळला. "खोललं नव्हतंस?"

रामूने बाजूला पिंक टाकली. "बाहेरून तेल सोडलं. चालायला लागली, मग दिली."

"मला म्हणालास, खोललं."

"तुम्हीच म्हणालात, गटारापलीकडच्या सायकलींवर वेळ घालवू नको."

हे वाक्य शेटला आशालतासमोर नको होतं. त्याची मान लाल झाली. "आण छिन्नी," तो खेकसला. "खोल. हिच्यासमोर खोल. आणि आतून काही हिचंच पाप निघालं ना, तर हिने इथे सगळ्यांदेखत माफी मागायची. चोर म्हणाली मला."

"माझं निघालं तर सांगेन," रोझलीन म्हणाली. "सगळ्यांदेखत."

रामूने तोंडाला फडकं बांधलं. कुणाला ते दिसलं नाही असं नव्हतं, आणि तो ते दाखवूनच बांधत होता. छिन्नी लागली, लाल रंगाचे टवके उडाले, झाकण किरकिरत फिरलं. रामूने ते उचललं आणि त्याच्या हालचाली थांबल्या. आत छर्रे मोकळे सुटायला हवे होते. ते पिवळट, चिकट गोंदात रुतून बसले होते. फ्रीव्हीलच्या पोटात दोन छोटे खटके असतात, कारागीर त्यांना कुत्रे म्हणतात. पायडल मारलं की त्यांनी उठून दात पकडायचे, तेव्हा चाक फिरतं. हे दोन्ही कुत्रे त्या गोंदात आडवे पडून चिकटले होते. उठणार कुठून.

"हे काय घातलंय?" रामू फडक्यातून म्हणाला. "हे सायकलचं तेल नाय. सरस आहे की काय?"

रोझलीनने बोट बुडवलं, नाकाशी नेलं. आशालता तिच्या शेजारीच होती, म्हणून तिला तो चेहरा दिसला. राग होता तिथेच, पण त्याच्या आतून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं.

"मुशीचं तेल," रोझलीन म्हणाली.

मुशी म्हणजे शार्क. तिच्या काळजाचं तेल काढून अर्नाळ्यात होड्यांच्या फळ्यांना चोळतात. सुकलं की त्याचा पापुद्रा बसतो, समुद्राचं पाणी लाकडात शिरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय, आणि होडीसाठी अगदी बरोबर.

"कोणी घातलं?" शेटने विचारलं. त्याला आता घाई नव्हती.

रोझलीनने बोट लुगड्याला पुसलं. "माझा नवरा घालतो. दर रविवारी, मिसावरून आला की. हात चालत नाय त्याचा. डाव्या हातानं सायकल पुसतो, फटीतून तेल सोडतो. म्हनतो, एवढी वर्षं होडी राखली, तुझी सायकल पन राखेन."

शेट हसला. आधी नाकातून, मग उघड. "होडीचं तेल. सायकलला. अरे, मग शीड पण लावायचं होतं. वल्हं मारत आली असतीस."

जमलेले सगळे हसले. रामू तर फडकं खाली ओढून हसला. रोझलीन हसली नाही, आणि तिने डोळेही खाली घातले नाहीत. हसणं ओसरेपर्यंत, भरतीचं पाणी उतरायची वाट बघावी तशी ती उभी राहिली. मग म्हणाली, तितक्याच मोठ्या आवाजात, "फिरीव्हील माझंच हाय. शेटनं बदललं नाय. मी चोर म्हटलं, ते खोटं म्हटलं."

आशालता पुढे सरकली. "मावशी, ते तर मी..."

"तुला नुसती उभी रहायला आनलंय, बाय."

ते तिने रागाने म्हटलं की सांभाळून घेण्यासाठी, हे आशालताला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही विचारायचा धीर झाला नाही.

"आता तू," रोझलीन शेटला म्हणाली.

"मी काय?"

"मी माझं सांगितलं. तू तुझं सांग. खोललं म्हनालास, खोललं नव्हतं."

"ए, तेल तू घातलंस आणि..."

"घातलं. पयल्या खेपेला उघडलं असतंस तर पयल्याच खेपेला दिसलं असतं. मी नवऱ्याला सांगितलं असतं, आता घंटीला लाव, सीटला लाव, इथं नको. आज पडले नसते. गेट जायची पाळी आली नसती."

शेटने इकडेतिकडे पाहिलं. हसणाऱ्यांपैकी कुणी आता हसत नव्हतं, पण कुणी तिच्या बाजूने बोललंही नाही. "कामं असतात," तो म्हणाला. "तुझ्या एकटीचं दुकान नाही हे."

तेवढंच. माफीच्या जवळपासचंसुद्धा काही त्याच्या तोंडून निघालं नाही. तो काउंटरमागे गेला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. रामूने मात्र रॉकेलच्या डब्यात छर्रे आणि खटके धुतले. राग काढल्यासारखे धुतले, पण धुतले नीट. ग्रीस भरलं, झाकण बसवलं, पायडल हाताने उलटं फिरवलं. टिकटिकटिक असा कोरडा, खणखणीत आवाज आला. महिनाभरात हा आवाज ऐकला नव्हता, असं रोझलीन स्वतःशीच पुटपुटली. तिने सायकल उभी केली, पायडलवर हाताचा भार टाकून पाहिला. चाकाने लगेच ओढ घेतली. रविवारपर्यंत अजून दोन सकाळी हातात होत्या.

सायकल घेऊन ती गटारापर्यंत गेली. पलीकडे उन्हात बाकीच्या काळ्या सायकली तशाच कलंडून पडल्या होत्या. एकीचं सीट तापून फाटलं होतं. रोझलीन थांबली, सायकल वळवली आणि पुन्हा दुकानासमोर आली. आशालताला वाटलं, आता नवीन भांडण. तिने पदर खोचला.

"अजून काय राहिलं?" शेट पेपरमागून म्हणाला. "चूक तुझी निघाली. सगळ्यांनी ऐकलं."

"निघाली. ऐकलं." रोझलीनचा आवाज आता उतरला होता. भांडणाचा नव्हता, गेटवर मासे मोजून देताना असायचा तसा साधा होता. "मी सायकल घरून धुऊन आनते, शेट. साबन लावून. नाकाला लावून बघ. वास लागला तर नको घेऊस."

शेटने पेपर खाली केला. आज सकाळपासून पहिल्यांदाच त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

"पुढच्या खेपेला आनली," ती म्हणाली, "की आत घे. सावलीला. बाकीच्यांच्या ओळीत लाव."